माळ्यावरची गॅसबत्ती : जुनी बत्ती कशी ओळखायची आणि तिच्यात कोणतं तेल टाकायचं

अमरावती-अकोला भागातल्या जुन्या घरांत माळा साफ करायला काढला की कुठंतरी कोपऱ्यात गॅसबत्ती सापडते. लग्नाची वरात, रातच्याला चाललेलं भजन-कीर्तन, बहिरमच्या यात्रेतल्या राहुट्या, सगळीकडे एके काळी हिचाच उजेड होता. वीज आली अन् बत्ती माळ्यावर गेली. आता काही जण हौसेनं अशा बत्त्या जमवतात, दुरुस्त करून पेटवतात. भंगारवाला मात्र तिला पितळेच्या वजनावर घेऊन जातो. म्हणून विकायच्या आधी आपल्या घरात काय आहे ते पाहून घ्यावं, आणि पेटवायची असेल तर तेलाची माहिती आधी करून घ्यावी.

बत्ती आणि कंदील यात फरक

कंदिलात वात असते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता, तो वातीचा. गॅसबत्तीत वात नसते. खाली तेलाची टाकी, तिला हवा भरायचा पंप. हवेच्या दाबानं तेल नळीतून वर चढतं, तापून त्याची वाफ होते, बारीक छिद्रातून ती वाफ बाहेर येते आणि हवेत मिसळून मेंटलमध्ये जळते. पांढराशुभ्र उजेड मेंटलचा असतो. हे मेंटल ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ च्या सुमारास शोधलं.

आपण सरसकट 'पेट्रोमॅक्स' म्हणतो, पण ते बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या बत्तीचं नाव. पेट्रोलियममधला 'पेट्रो' आणि कंपनीच्या मॅक्स ग्रेट्झ यांचा 'मॅक्स'. नावात पेट्रो आहे म्हणून तिच्यात पेट्रोल चालतं, असा समज कोणी करून घेऊ नये. ही बत्ती रॉकेलचीच.

जुनी बत्ती घेताना काय पाहावं

- टाकीवर किंवा वरच्या टोपावर कंपनीचं नाव, देश, नंबर कोरलेला आहे का. घासून पुसट झाला असेल तर खडूची पूड चोळली की अक्षरं दिसतात.
- टाकी पितळेची की लोखंडी. लोखंडीला आतून गंज असतो. चुंबक लावलं की कळतं.
- टाकीला भेग किंवा डाग दिलेला आहे का. टाकी रिकामी करून हवा भरा आणि पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर ती बत्ती शोभेलाच ठेवा, पेटवू नका.
- पंपाचा चामडी वायसर वाळलेला असेल तर तेलात भिजवून मऊ होतो. नाहीतर नवीन टाकावा.
- वरचा निकेलचा मुलामा सँडपेपरनं घासू नका. मुलामा गेला की जुनेपण गेलं. उघडं पितळ चिंचेनं साफ होतं.

तेल कोणतं

*रॉकेल :* मातीचं तेल हेच बरोबर. रेशनचं रॉकेल निळं असतं. भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात रंग टाकतात. खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल मिळालं तर बत्तीला तेच चांगलं. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावं. तेल गाळून टाका, पाण्याचा थेंब गेला तरी बत्ती फडफडते.

*पेट्रोल :* कधीच नाही, थोडं मिसळूनही नाही. रॉकेलची वाफ ठिणगीनं पेटायला भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश तापमान लागतं. पेट्रोलची वाफ शून्याच्या खालीही पेटते. त्यात टाकी मेंटलच्या खालीच, तापणारी आणि दाबाखाली. भडका उडायला वेळ लागत नाही.

*डिझेल :* ट्रॅक्टरसाठी घरात असतं, म्हणून टाकायचा मोह होतो. ते जड आहे. नीट वाफ होत नाही, काजळी धरते, छिद्र बुजतं.

*थिनर आणि मेडिकलचं लिक्विड पॅराफिन :* थिनर पेट्रोलसारखाच धोक्याचा. लिक्विड पॅराफिन हे पोट साफ करायचं औषध आहे. नाव सारखं असलं तरी बत्तीत चालत नाही.

पेटवताना

टाकी पाऊण भरा, वर हवेला जागा ठेवा. आधी वाटीतल्या स्पिरिटनं नळी तापू द्या, मगच पंप मारा. दाबाच्या काट्याला तांबडी खूण असेल तर तिच्या पुढे जाऊ नका. पेटत्या बत्तीत तेल ओतू नका. विझवा, हवा सोडा, थंड होऊ द्या, मग भरा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे रॉकेलही पेट घ्यायच्या तापमानाला येतं. उन्हाळ्यात तेल सावलीत, संध्याकाळीच भरावं.

कापूस साठवलेल्या खोलीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ बत्ती नेऊ नका. बंद खोलीत लावून झोपू नका, विषारी वायू साचतो. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. त्याची राख फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि हात धुवा.

रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. लेकरानं पाणी समजून पिलं तर उलटी करवू नका. तेल फुफ्फुसात जातं. लेकराला लगेच दवाखान्यात न्या.

बत्ती पेटवायची नसेल तर टाकीतलं तेल काढून, कोरडी करून ठेवा. अशी ठेवलेली पितळी बत्ती नातवंडांनाही दाखवता येईल.