बल्क कूलर दूध थंड करेना? गॅस भरण्याआधी जाळी आणि फेज बघा

काढलेलं दूध साधारण ३५ ते ३७ अंश गरम असतं. ते ४ अंशांवर आणून टँकर येईपर्यंत तसंच ठेवणं, हे संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचं काम. तीन-साडेतीन तासांत तापमान उतरलं नाही तर दुधात जिवाणू वाढतात, आंबटपणा चढतो आणि दूध परत येतं. टाकीत सगळ्या गावाचं दूध एकत्र असल्यामुळे फटकाही सगळ्यांना बसतो.

कूलर बिघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘गॅस संपला असेल.’ पण गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच तर कुठंतरी गळती आहे. नळीच्या जोडाजवळ तेलकट डाग दिसला तर तो मेकॅनिकला दाखवावा. गळती न शोधता दर थोड्या दिवसांनी गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं, आणि बिल मात्र दरवेळी नवं.

त्याआधी कंडेन्सरची जाळी बघावी. दुधातली उष्णता याच जाळीतून बाहेरच्या हवेत जाते. केंद्रात धूळ, पेंडीचा भुसा, कोळिष्टकं यांनी ती बुजते. मग कंप्रेसर चालतो, तापतो, आपोआप बंद पडतो, थोड्या वेळानं परत सुरू होतो. मेन स्विच बंद करून मऊ ब्रशनं पत्र्यांच्या रेषेतच धूळ काढावी. गाडी धुवायचा जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा जायची वाटच बंद होते. पंख्यासमोर खाद्याची पोती रचलेली असतील तर आधी ती हलवा. खोलीत गरम हवा कोंडली तरी हाच त्रास होतो.

दुसरं कारण विजेचं. विहिरीच्या मोटारीला एक फेज गेल्यावर जे होतं तेच थ्री फेज कंप्रेसरला होतं. व्होल्टेज कमी असताना ओव्हरलोड पडला की पुन्हा पुन्हा बटण दाबू नये, कंप्रेसर जळतो. तारा बदलल्यानंतर फेज उलटसुलट लागले, तर स्क्रोल जातीचा कंप्रेसर उलटा फिरतो. वेगळाच आवाज येतो, पण थंडावा येत नाही. अशा वेळी लगेच बंद करून वायरमन बोलवावा.

ढवळणी बंद असेल तर तळाचं दूध गोठतं, वरचं गरम राहतं आणि डिस्प्लेवरचा आकडा फसवतो. म्हणून वेगळा थर्मामीटर केंद्रात हवाच. दूध ढवळणीच्या पात्यापर्यंत पोचलं नसेल तर कूलिंग सुरू करू नये.

कूलर बंदच पडला तर झाकण उघडून सारखं बघू नये. टाकीला जाड आवरण असतं, आतलं थंड दूध काही तास तग धरतं. त्यात संध्याकाळचं गरम दूध ओतलं तर सगळंच जातं. नवं दूध कॅनमध्ये ठेवून कॅन गार पाण्याच्या हौदात उभे करावेत. दुधात बर्फ टाकणं म्हणजे पाणी घालणंच, ते तपासणीत सापडतं. डेअरीला ताबडतोब फोन करून टँकर लवकर मागवावा. कूलर कधी बंद पडला ती वेळ आणि तेव्हाचं तापमान वहीत लिहून ठेवावं, मेकॅनिक पहिल्यांदा तेच विचारतो.