रोपलेले मूत्रपिंड आणि आवळलेली धमनी



मी डॉक्टर नव्हे. जन्म युनियनच्या कामात गेला. जे थोडे शिकलो ते कामगारांच्या दुखण्यांमागे इस्पितळांतून फिरताना. काही वर्षांपूर्वी मुळशीतल्या आमच्या एका सभासदाला त्याच्या आईने मूत्रपिंड दिले. सहा महिन्यांनी त्याचा रक्तदाब गोळ्यांना दाद देईना. घरात एकच बोलणे : 'आईचे दान वाया गेले.' ते वाया गेले नव्हते. का, ते सांगण्यासाठी हा इतिहास.

मुळशीकरांना ही गोष्ट अवघड नाही. धरणाचे पाणी नळांतून घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाते. नळ आवळला, तर तलाव तुडुंब असूनही चाकाला पाणी पुरणार नाही. मूत्रपिंडाचे तसेच, पण ते मुकाट बसत नाही. रक्त कमी आले की साऱ्या शरीराचाच दाब उतरला असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते, आणि रक्तदाब चढतो. १९३४ साली हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळून दाब चढतो हे दाखवले.

त्याआधी १९०२ साली फ्रान्समध्ये अलेक्सी कारेल यांनी रक्तवाहिन्या शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यावाचून रोपण झालेच नसते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले, आणि ते चालले. भारतात १९६५ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रयत्न झाला. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्या आणि वीज मुंबईला गेली. गिरण्यांच्या वस्तीतलेच हे रुग्णालय. यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरला झाले.

पण जिथे शिवण, तिथे व्रण. टाक्यांपाशी धमनी अरुंद होऊ शकते. पूर्वी पोट पुन्हा उघडावे लागे. जुने व्रण चिकटलेले, त्यात मूत्रपिंडच गमावण्याचे भय. वाट निघाली ती दुसरीकडून. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची आवळलेली धमनी आतून नळी घालून रुंद केली. १९७४ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीला फुगा जोडला. असे फुगे ते घरच्या स्वयंपाकघरात घडवीत. काही वर्षांतच तो फुगा रोपलेल्या मूत्रपिंडाच्या धमनीतही पोचला. मागून स्टेंटची जाळी आली.

आमच्या सभासदाच्या पोटावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथॉस्कोप टेकवला, तो सूं-सूं आवाज. डॉप्लर सोनोग्राफीने संशय बळावला. मग जांघेतून नळी घालून फुगा फुगवला, जाळी बसवली. रक्तदाब उतरला, क्रिएटिनिनही उतरले.

प्रत्येक चढलेला दाब धमनीमुळेच असतो असे नाही. शरीराने अवयव नाकारणे हेही कारण असते. फुगवलेली धमनी पुन्हा आवळूही शकते. म्हणून तपासणी चुकवू नये. आणि याने तर दोन चुकवल्या होत्या, रोज बुडेल म्हणून! कारेलपासून ग्रुंटझिगपर्यंत ७२ वर्षांत साधलेली विद्या एका दिवसाच्या मजुरीपाशी अडली होती. दोष आमचाही. बोनससाठी आम्ही भांडलो, पण तपासणीच्या पगारी रजेचे कलम मागणीपत्रात कधी घातले नाही. आता ते पहिल्या पानावर असते.