एकाच सिलिंडरात दोन पिस्टन

‘हेड गेलं’ हे वाक्य ज्याने गॅरेजमध्ये उभं राहून ऐकलंय, त्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. हेड, त्यातले व्हॉल्व्ह, खालचं गॅस्केट, सगळा खर्चाचा मामला. त्यामुळे बिनडोक इंजिनही असतं असं मी म्हणालो की लोकांना ती थट्टा वाटते. पण सत्तरच्या दशकात बोटीवर फिफ्थ इंजिनिअर म्हणून माझी उमेदवारी झाली ती अशाच इंजिनावर. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, संडरलंडला बनणारं डॉक्सफर्ड. घराएवढं उंच आणि हेडचा पत्ता नाही.

रचना सांगायला सोपी आहे. उभी नळी, तिच्यात समोरासमोर दोन पिस्टन. एक खालून वर येतो, दुसरा वरून खाली. दोघांमध्ये हवा दाबली जाते, तापते, बाजूने तेलाचा फवारा येतो आणि तो पेटला की दोघेही उलट दिशांना फेकले जातात. टाळी एका हाताने वाजत नाही, ते इथे अक्षरशः खरं. व्हॉल्व्हचं काम पिस्टनच करतात. नळीच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वरचा पिस्टन धुराचे पोर्ट आधी उघडतो, मग खालचा ताज्या हवेचे. हवा खालून शिरते ती सरळ वरून बाहेर, मध्ये कुठे वळण नाही, म्हणून जळका वायू जवळजवळ सगळा धुऊन निघतो. शिवाय हेड म्हणजे पाणी फिरवून थंड ठेवावा लागणारा मोठा लोखंडी पृष्ठभाग. तोच नसल्यामुळे तेलातली उष्णता पाण्यात कमी वाया जाते आणि कामाला जास्त येते.

कल्पना मुळात जर्मन. 1892 साली डेसाऊमध्ये ओखेलहॉयझर आणि ह्यूगो युंकर्स या दोघांनी समोरासमोर पिस्टन असलेलं गॅस इंजिन तयार केलं. विल्यम डॉक्सफर्ड अँड सन्स ही तर जहाजं बांधणारी मंडळी. त्यांच्याकडे केलर नावाच्या इंजिनिअरने ही कल्पना समुद्रावर नेण्याचा ध्यास घेतला. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेले प्रयोग फळाला यायला 1921 उजाडलं. त्या वर्षी ‘इंगारेन’ या स्वीडिश मालकाच्या जहाजावर चार सिलिंडरांचं डॉक्सफर्ड बसलं. पुढची तीस-पस्तीस वर्षं ब्रिटिश मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये या इंजिनाचा मोठा दबदबा होता. 1939 च्या ‘डोमिनियन मोनार्क’ या प्रवासी बोटीवर तर अशी चार होती.

खरी गंमत वरच्या पिस्टनची. क्रँकशाफ्ट तळाला आणि हा गडी वर आढ्याशी, मग त्याचा जोर खाली आणायचा कसा? त्याच्या डोक्यावर एक आडवा बीम, बीमच्या दोन टोकांना दोन लांब रॉड, आणि ते सिलिंडरच्या दोन्ही अंगांनी खाली उतरून आपापल्या क्रँकला जोडलेले. मधला क्रँक खालच्या पिस्टनचा. म्हणजे एका सिलिंडरमागे तीन क्रँक. अवजड दिसतं खरं, पण यात एक सुरेख हिशेब आहे. वर ढकलणारा जोर आणि खाली ढकलणारा जोर, दोन्ही क्रँकशाफ्टवरच येऊन मिटतात. इंजिनाच्या सांगाड्याला तो ताण सोसावा लागत नाही. वरचा लवाजमा जड म्हणून त्याचा स्ट्रोक मुद्दाम आखूड ठेवायचे, त्यामुळे हादरे कमी. आज डिझेल गाडीच्या मागे ‘कॉमन रेल’ असं मिरवतात ना, तशी एकाच नळीत दाबून ठेवलेल्या तेलाची व्यवस्था डॉक्सफर्डकडे तेव्हापासून होती. फक्त तिची वेळ कॉम्प्युटर नव्हे, कॅम सांभाळायचे.

बाकीच्या इंजिनांची धडपड पोटात चालते. डॉक्सफर्डची उघड्यावर. वरच्या जाळीवर उभं राहिलं की एकामागून एक बीम उसळताना दिसायचे, मिनिटाला शंभराच्या वर फेरे, आणि प्रत्येक बीमसोबत पाण्याच्या नळ्या हेलकावत असायच्या. पिस्टन पाण्याने थंड करायचा आणि तो तर सतत वरखाली पळतोय, म्हणून या सांध्यांवर झुलणाऱ्या नळ्या. सांध्यात ग्लँड, ग्लँडमध्ये पॅकिंग, आणि पॅकिंग म्हणजे आज ना उद्या गळणारच. आमचा दाभोळचा तेलवाला रात्रीच्या वॉचला खाली येऊन सांगायचा, “साब, तीन नंबर ऊपर पानी मारता है.” वर गळलं तर निदान दिसतं. खालच्या पिस्टनचं पाणी क्रँककेसच्या तेलात उतरलं तर बेअरिंगांची वाट लागते, आणि ते कळतं उशिरा.

बंदराला लागलो की आमची खरी मेहनत सुरू. टर्निंग गिअर घालून इंजिन मुंगीच्या पावलाने फिरवायचं, पिस्टन पोर्टासमोर आला की दिवा आत घालून रिंगा तपासायच्या. लाकडाची काठी घ्यायची आणि रिंग दाबून पाहायची. दबून परत आली तर ती जिवंत. नुसतीच ढिम्म राहिली तर कार्बनात अडकलेली. खालच्या पिस्टनच्या रिंगा बहुधा जिवंत सापडत. वरच्या, धुराच्या बाजूच्या, अडकलेल्या. साहजिक आहे, दर फेऱ्याला सगळी आग त्याच पिस्टनच्या अंगावरून बाहेर जायची. मग बीम सोडवा, रॉडचे नट काढा, नळ्या उतरवा, क्रेनने सगळा डोलारा उचला. माझ्यासारख्या ज्युनिअरकडे पोर्टातला कार्बन छिन्नीने खरवडायचं काम. दोन पिस्टन म्हणजे रिंगा दुप्पट आणि बेअरिंगं तिप्पट. हा गुणाकार डिझाइनच्या कागदावर दिसत नाही, बोटीवर रविवारची सुट्टी गेली की दिसतो.

डॉक्सफर्ड का संपलं, याचं उत्तर बहुतेक जण ब्रिटिश जहाजबांधणीच्या ऱ्हासात शोधतात. ते खरंच आहे. ऑर्डरी जपानकडे गेल्या, आणि जपानी यार्ड डेन्मार्कच्या बर्माइस्टर अँड वाइन आणि स्वित्झर्लंडच्या सुल्झरच्या परवान्यावर इंजिनं बांधत होते. साठच्या दशकाच्या मध्याला डॉक्सफर्डने जे-टाइप आणलं, चांगलं होतं, पण तोवर टर्बोचार्जरच्या जोरावर एकेका पिस्टनवालेही तेवढीच ताकद देऊ लागले होते. 1977 मध्ये ब्रिटनमधल्या जहाजबांधणीचं सरकारीकरण झालं, आणि 1980 च्या सुमारास शेवटचं इंजिन बाहेर पडलं. माझ्या मते मात्र निकाल त्या तीन क्रँकनीही लावला. आज समुद्रावरच्या मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात पाहा: हवा खालच्या पोर्टातून शिरते आणि सरळ वरून बाहेर पडते, डॉक्सफर्डसारखीच. फरक इतकाच की वरच्या पिस्टनच्या जागी हेड आलंय आणि त्यात एकच मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. सुल्झरनेही ऐंशीच्या दशकात हाच रस्ता धरला. म्हणजे वाऱ्याचा सरळ मार्ग सगळ्यांनी ठेवला आणि वरच्या गड्याला तेवढं घरी पाठवलं.

जमिनीवर आणि आकाशात या घराण्याची भावंडं बरीच. युंकर्सच्या यूमो 205 या डिझेल इंजिनावर विमानं उडाली. ब्रिटनमध्ये नेपियरने डेल्टिक बांधलं: तीन क्रँकशाफ्टचा त्रिकोण, अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन. तिन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरवले की पोर्टांची वेळ जुळेना. एक शाफ्ट उलटा फिरवा, ही तोड नौदल खात्यातल्या हर्बर्ट पेनवर्डनची. डेल्टिक आधी वेगवान गस्ती बोटींवर गेलं, आणि मग लंडन-एडिनबराच्या बावीस रेल्वे इंजिनांत, प्रत्येकी दोन. ताकद अफाट, पण दुरुस्ती जागेवर करण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. अख्खं इंजिन उचलून दुसरं बसवायचे. आपल्याकडेही हे घराणं आलं. चेन्नईजवळ आवडीला बनलेल्या विजयंता रणगाड्यात लेलँडचं एल 60 होतं, सहा सिलिंडर आणि बारा पिस्टनांचं. कुठलंही इंधन चालावं या अटीपायी ते मुळात ब्रिटिश चीफटन रणगाड्यासाठी निवडलं गेलं होतं. चीफटनमध्ये त्याच्या सिलिंडर-लायनरांनी ब्रिटिश फौजेला इतकं छळलं की त्याच्या कहाण्या अजून छापल्या जातात.

आता अमेरिकेत अकेटिस नावाच्या कंपनीने हीच मांडणी ट्रकसाठी पुन्हा काढली आहे, तीन सिलिंडर, सहा पिस्टन. कमिन्ससोबत तिथल्या लष्करासाठीही काम केलं आहे. कॉम्प्युटरवर दहन बांधता येतं, धातू सुधारले आहेत, धूर साफ करायची साधनं आली आहेत. युंकर्सला यातलं काहीच मिळालं नव्हतं. इंधनाची बचत खरी असणार, त्याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या कागदांत मी आधी दुसरंच शोधतो: धुराच्या बाजूच्या रिंगा किती तासांनी बदलायच्या, आणि त्या बदलायला किती माणसं लागतात.