विकलेला माल

‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आमच्या धामणगावच्या पेठेत मी लहानपणापासून वाचीत आलो. देवाच्या तसबिरीखाली ती टांगलेली. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटावे, हीही एक देवाज्ञाच! वास्तविक १९३० चा मालविक्रीचा कायदा इतका एकतर्फी नव्हता. वर्णनावरून घेतलेला माल वर्णनाबरहुकूम निघाला पाहिजे, आणि न पाहता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो ‘स्वीकारला’ असे होत नाही, असे तो सांगतो. मात्र उभयतांनी निराळे ठरवले तर हे हक्क सोडता येतात. पाटीचे सारे बळ त्या फटीत होते.

गंमत अशी, की माल नाकारण्याची कला वऱ्हाडाला नवी नव्हती. फक्त ती व्यापाऱ्याच्या हाती होती. मूठभर कापूस पाहून गाडीचा भाव ठरे, आणि जिनिंगच्या फाटकाशी गाडी रिकामी होऊ लागली की ‘माल ओला आहे, भाव तोडा’ असा सूर निघे. बैल सोडलेला शेतकरी परत जाणार कोठे? अशा बाजारांना नियम लावण्याचा देशातला आरंभ आमच्याच मुलखात झाला: १८८६ त कारंजाला, आणि मग १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने.

दूरची खरेदी मात्र रेल्वेने आणि टपालाने आणली. १८६७ त लोहमार्ग नागपूरला पोचला, नि मुंबई जवळ आली. १८७७ त टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली. जाहिरात वाचावी, पत्र टाकावे, पार्सल दारात येताच पैसे मोजावे. पण आधी पैसे, नंतर दोरी सोडायची! माझ्या आजीने असे एक घड्याळ मागवले होते. पोस्टमनला ती म्हणाली, “भाऊ, पयले पैसे अन् मंग पेटी, हा कोनता न्याव म्हनावं?” पोस्टमन हसला. पेटीतले घड्याळ चार दिवस चालले. दुकानदाराला धाडलेल्या तीन पत्रांना उत्तर आले नाही, आणि फिर्याद करायची तर मुंबई गाठायची. घड्याळापेक्षा तिकीटच महाग!

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ त पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती या असहायतेला उत्तर म्हणून. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. परंतु माझ्या मते आजीच्या अडचणीवरचा खरा इलाज २०१९ च्या कायद्यात आहे. तो २०२० च्या जुलैत अमलात आला. त्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथेच दाद मागू शकतो. म्हणजे धामणगावच्या माणसाने अमरावतीच्या जिल्हा आयोगाकडे जावे, विकणारा बंगळूरला का असेना! पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या मालासाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. सदोष माल परत घ्यायला नाकारणे ही या कायद्यात अनुचित प्रथा ठरली. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरायचे.

त्याच महिन्यात इंटरनेटवरील विक्रीसाठी वेगळे नियम निघाले. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, अथवा सांगितल्या मुदतीनंतर आला, तर विकणाऱ्याला तो नाकारता येत नाही. मुदतीपुरती नैसर्गिक आपत्तीसारखी सूट आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याच्या आत.

येथे एक गैरसमज खोडायला हवा. रंग आवडला नाही, मन बदलले, म्हणून साडी परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. युरोपीय संघात दूरच्या खरेदीला असे १४ दिवस मिळतात. आपल्याकडे कंपन्या सात वा दहा दिवस देतात, ती त्यांची व्यापारी युक्ती. काही वस्तूंना त्या तीही देत नाहीत. तेव्हा दिवाळीची खरेदी करताना ती बारीक अक्षरांतली ओळ आधी वाचावी, बिल जपावे, आणि विकणाऱ्याने दाद दिली नाही तर १९१५ हा क्रमांक फिरवावा. तेथे मराठीतही बोलता येते.