तसरीह : पॅलेस्टिनींचा परवाना
आपल्या उर्दूत 'तसरीह' म्हणजे खुलासा. पॅलेस्टिनी अरबीत मात्र परवाना. १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक आणि गाझा ताब्यात घेतले. १९७२ पासून लोकांना सर्वसाधारण परवानगीवर इस्रायलमध्ये जाता येई. १९९१ पासून प्रत्येकाला वेगळा परवाना लागू लागला. वेस्ट बँकेत हे काम १९८१ साली स्थापन झालेले लष्कराचे 'नागरी प्रशासन' बघते. मजुरी असो, जेरुसलेममधला दवाखाना असो, की विभाजक भिंतीपलीकडचे स्वतःचे शेत, अर्ज करायचा, कार्यालयाबाहेर रांगेत थांबायचे. गुप्तचर खात्याने 'सुरक्षेचे कारण' म्हटले की अर्ज नामंजूर. तपशील बहुधा सांगत नाहीत. आता मोबाईल अ‍ॅपवरही अर्ज होतो, पण निर्णय लष्कराचाच. ऑक्टोबर २०२३ नंतर मजुरांचे बहुतेक परवाने थांबवले गेले. परवाना नाही, म्हणजे त्या घरात मजुरी नाही.