जुना सांगाडा, नवे यंत्र : मराठवाड्यातील जीपगाडी आणि मूळ रूपाचा प्रश्न

(१)

जुन्या मोटारगाड्यांविषयी आस्था बाळगणाऱ्या लोकांत एक वाद दीर्घकाळ चालत आलेला आहे. गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली त्याच रूपात ती राखली पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. गाडीचा बाह्य आकार जुना ठेवून आतील इंजिन, ब्रेक व स्टिअरिंग आजच्या काळातील बसवावे, म्हणजे ती चालती राहील, असे दुसरा पक्ष म्हणतो. वरवर पाहता हा केवळ हौशी मंडळींच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असलेला एक प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचे मूळ रूप म्हणजे नेमके कोणते, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? २०२१ साली केंद्र शासनाने 'विंटेज' वाहनांची व्याख्या नियमबद्ध केल्यापासून या प्रश्नास कायद्याचेही महत्त्व प्राप्त झाले आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतून पाहिले असता त्याचे स्वरूप अमेरिकेतील वा मुंबईतील स्वरूपाहून बरेच निराळे दिसते. येथील जुन्या गाडीचा, विशेषतः जीपगाडीचा, इतिहास हा बहुतांशी तिच्या फेरफारांचाच इतिहास आहे.

(२)

या वादाचा उगम अमेरिकेत शोधावा लागतो. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यातील गाडीत बसविले. जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन, त्यांचे अनावश्यक पत्रे काढून टाकून, इंजिनाची शक्ती वाढवून त्या दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या पात्रांत पळविण्याचा छंद तेथील तरुणांत पसरला. जानेवारी १९४८ मध्ये या छंदास वाहिलेले 'हॉट रॉड' हे मासिक निघाले. याच्या अगदी उलट प्रवृत्ती १९५० साली पेबल बीच येथे सुरू झालेल्या मोटारींच्या प्रदर्शनातून वाढीस लागली. काही वर्षांतच या प्रदर्शनात जुन्या गाडीची निर्दोष, चकचकीत पुनःस्थापना हाच गौरवाचा विषय ठरला.

१९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे साडेसहा लिटरांचे मोठे इंजिन बसवून 'जी. टी. ओ.' बाजारात आणली. त्याच वर्षी फोर्डची 'मस्टँग' आली. पुढे ज्यांना 'मसल कार' म्हटले गेले त्या दांडग्या गाड्यांचा काळ येथून सुरू झाला असे सामान्यतः मानतात. १९७० नंतर धूरनियंत्रणाचे कायदे, विम्याचे वाढते दर आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे तो काळ लवकरच संपला. या गाड्या ज्यांनी कुमारवयात पाहिल्या होत्या, ते पुढे सधन झाल्यावर त्यांच्याकडे वळले आणि तेव्हा आवडीचे तीन पंथ स्पष्ट झाले. पहिल्या पंथास चासीचा व इंजिनाचा क्रमांक कारखान्यातील नोंदीशी जुळणारी गाडी हवी असते. दुसरा पंथ जुन्या पत्र्याखाली संगणकनियंत्रित इंजिन, डिस्क ब्रेक व वातानुकूलन बसवितो; अशा गाडीस 'रेस्टोमॉड' असे नाव पडले आहे. तिसऱ्या पंथास गाडीला हातच लावलेला नको असतो. उडालेला रंग व फाटलेली गादी यांनाही तो पुरावा मानतो. या तिन्ही पंथांची दृष्टी भिन्न असली तरी एक गृहीत समान आहे. गाडीचे कारखान्यातील एक निश्चित मूळ रूप अस्तित्वात आहे, आणि प्रश्न एवढाच की त्याच्याशी कोणी किती निष्ठा ठेवावी, असे ते सर्वजण मानतात.

(३)

हे गृहीत मराठवाड्यास लागू पडते काय, हे पाहण्यापूर्वी येथील मोटारवाहतुकीची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. हैदराबाद संस्थानात मोटार प्रथम आली ती राजवैभवाचे चिन्ह म्हणून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ च्या सुमारास सातव्या निजामांच्या हाती आली. समारंभापुरतीच बाहेर निघणारी ही गाडी फार थोडे मैल धावली आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. सामान्य प्रवाशास मोटार मिळाली ती १९३२ साली, निजाम स्टेट रेल्वेच्या मार्गपरिवहन विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली तेव्हा. नांदेड हे मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्गावर होते, तर लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १९११ मध्ये येऊन पोचला होता. या दोन मार्गांच्या दरम्यानचा विस्तीर्ण मुलूख काळ्या मातीचा. पावसाळ्यात तेथील कच्च्या वाटांवर बैलगाडीचे चाकही आसापर्यंत रुतत असे. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची उपयुक्तता अशा मुलखात वेगळी सांगावयास नको.

अशी गाडी दुसऱ्या महायुद्धाने निर्माण केली होती. अमेरिकन सैन्यासाठी विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपचे सुटे भाग आणून माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली. पुढे 'सीजे-३बी' या १९५३ च्या अमेरिकन नमुन्याचे उत्पादन येथे होऊ लागले. या नमुन्याचे बॉनेट विशेष उंच आहे. आत बसविलेले 'हरिकेन' इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते, एवढेच त्याचे कारण. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. भारतात मात्र त्याचे उंच बॉनेट त्यानंतरही अनेक वर्षे ओळखीचे राहिले. म्हणजे जे रूप येथे 'अस्सल जीप' म्हणून मनात ठसले, ते स्वतःच एका नव्या इंजिनासाठी जुन्या सांगाड्यात केलेल्या फेरफारातून जन्मलेले होते.

ग्रामीण भागात जीप पोचविली ती प्रामुख्याने शासनाने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेबरोबर गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापर्यंत आली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि पंचायत समितीची जीप हे शासनाचे गावात दिसणारे रूप बनले. या गाड्यांचे आयुष्य शासकीय सेवेत संपत नसे. ठराविक वर्षांनंतर त्यांचे निर्लेखन होई, लिलाव होई, आणि त्या शेतकरी, कंत्राटदार अथवा वाहतूकदार यांच्या हाती जात. जीपच्या दुसऱ्या आयुष्यास येथून आरंभ होतो, आणि ऐतिहासिक दृष्ट्या तेच अधिक महत्त्वाचे आहे.

(४)

लिलावात घेतलेली जीप पेट्रोलवर चालणारी असे. १९७३ नंतर इंधनाचे दर वाढत गेले आणि पेट्रोल व डिझेल यांच्या किमतींतील अंतर मालकास जाणवू लागले. तेव्हा पेट्रोलचे इंजिन उतरवून त्याजागी डिझेलचे इंजिन चढविणे हा व्यवहाराचा मार्ग ठरला. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. डिझेल इंजिन वजनाने जड असल्यामुळे पुढील पाटे बदलावे लागतात. इंजिनाचे पाय बसविण्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात. इंजिन व गिअरबॉक्स यांचा मेळ बसविणारी जाड पट्टी लेथवर कातून घ्यावी लागते. आणि डिझेलचे इंजिन कमी फेऱ्यांत अधिक जोर देत असल्याने क्लचवरील भारही बदलतो. गॅरेजमधील मिस्त्रीस हे सारे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली राहून मिळालेले असे.

कारखान्याचा मार्गही याहून वेगळा नव्हता. महिंद्र कंपनीने प्रथम ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले, आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन इगतपुरी येथे बनविण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकातील 'एमएम-५४०' जीप म्हणजे विलिसचा वंशज सांगाडा व फ्रेंच वंशाचे इंजिन यांचा संगम होय. याच काळात हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडर गाडीत, तिचे रूप जवळजवळ तसेच ठेवून, आधी डिझेलचे व १९९२ पासून जपानी इसुझू घराण्याचे इंजिन बसविले. परवाना पद्धतीमुळे नवा नमुना आणणे अवघड होते. विदेशी चलन दुर्मिळ होते. पत्रा दाबण्याचे साचे अतिशय महाग होते. म्हणून जुना आकार टिकला व आतील यंत्र बदलत गेले. अमेरिकेत सधन हौशी माणसाने आवड म्हणून जे केले, ते भारतात कारखान्याने व मिस्त्रीने गरजेपोटी, आणि बऱ्याच आधी, केले होते.

१९८० नंतर बदललेल्या जीपची आणि तिच्या लांब चासीच्या बहिणींची तिसरी अवस्था सुरू झाली. एस. टी. ची बस जेथे दिवसातून एकदोनदाच जाई, अशा गावांपर्यंत 'काळी-पिवळी' धावू लागली. मागील भागात समोरासमोर बाकडी, टपावर सामानासाठी जाळी, पाठीमागे उभे राहण्यापुरती पायरी, असे तिचे रूप मालकाने व वेल्डरने मिळून ठरविले. बाजाराच्या दिवशी शेतमाल व माणसे एकाच गाडीतून येत. अपघात व नियमभंग यांची बाजू या वाहतुकीस निश्चितच होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. परंतु कित्येक गावांचा शाळा, दवाखाना व बाजार यांच्याशी संबंध तिने जोडला, हेही तितकेच खरे आहे.

(५)

अलीकडील काळात याच गाड्या हौसेचा विषय झाल्या आहेत, आणि आवडीचे भेद येथेही दिसतात. एकास सैनिकी हिरव्या रंगाची, दुमडणाऱ्या काचेची, कापडी हुडाची जीप हवी असते; त्यासाठी तो डिझेल इंजिन काढून जुने पेट्रोल इंजिन शोधतो. दुसरा रुंद टायर, उंच उचललेले पाटे, पॉवर स्टिअरिंग व डिस्क ब्रेक यांना पसंती देतो. तिसऱ्यास लग्नाच्या वरातीत व निवडणुकीच्या मिरवणुकीत उठून दिसणारी उघडी जीप हवी असते. यंत्रापेक्षा तिचा दिमाख त्यास महत्त्वाचा वाटतो. कारखान्यानेही ही आवड ओळखली. २०१० साली आलेली व २०२० मध्ये संपूर्णपणे नव्याने घडविलेली 'थार' ही जुन्या आकाराची आठवण नव्या यंत्रावर चढविलेली गाडी आहे. त्याच कंपनीने अमेरिकेत काढलेल्या 'रॉक्सर' या गाडीविरुद्ध तेथील जीपउत्पादकांनी तक्रार केली, आणि २०२० मध्ये तिचे मूळ रूप त्यांच्या हक्कावर आक्रमण करणारे ठरून कंपनीस ते बदलावे लागले. जुन्या आकाराची मालकी कोणाची, हा प्रश्न असा न्यायासनापर्यंतही गेला.

यांपैकी पहिल्या पंथाची भूमिका विशेष विचारार्ह आहे. डिझेल इंजिन काढून पेट्रोलचे बसविणारा हौशी मालक आपण गाडी मूळ रूपात आणली असे समजतो. वस्तुतः तो कारखान्यातील पहिल्या दिवसाची प्रतिकृती घडवितो आणि त्यासाठी पुढील तीस-चाळीस वर्षांचा पुरावा भंगारात टाकतो. चासीवरील वेल्डिंगच्या खुणा, बाकड्यांची भोके, एकावर एक चढलेले रंगांचे थर यांतूनच ती गाडी कोणी, कशासाठी व कशी वापरली हे कळते.

(६)

कायद्याची दृष्टी मात्र पहिल्या पंथास अनुकूल आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांत मालकास फेरफार करता येत नाही. इंधनबदलाच्या संचासारखे काही अपवाद सशर्त आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ कायम केला. रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता हा या तरतुदीचा हेतू आहे आणि तो निर्विवाद आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांना 'विंटेज' नोंदणी देऊ केली. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणीक्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

या अटीचा परिणाम उघड आहे. निजामांच्या गाडीसारखी, फारशी न वापरल्यामुळेच अभंग राहिलेली गाडी वारसा ठरते. वापरात राहण्यासाठी जिला बदलावे लागले, ती गाडी मात्र त्या व्याख्येबाहेर राहते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिनची सनद याबाबत अधिक उदार आहे. वाहनाच्या नित्य सेवाकाळात त्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचे साक्षीदार मानून जपावेत, असे तिचे तत्त्व आहे. आज हौसेने केलेला बदल आणि त्या काळी गरजेने झालेला बदल यांत ती भेद करते. मराठवाड्यातील जीपचे मूल्यमापन या भेदाशिवाय होऊ शकत नाही.

(७)

प्रस्तुत प्रश्नास या भूमीत एक जुना दाखला आहे. औंढा नागनाथाच्या मंदिराचा खालील पाषाणी भाग यादवकालीन असून त्यावरील शिखर उत्तरकालीन आहे. दोन भागांची घडण व सामग्री भिन्न असल्याचे डोळ्यांस सहज दिसते. तरीही वरचा भाग उतरवून मूळ मंदिर मोकळे करावे असे कोणी म्हणत नाही. जीर्णोद्धार हाही मंदिराच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. मंदिर व जीप यांची योग्यता एक नव्हे. परंतु पुरावा वाचण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

या दृष्टीने तीन प्रकारची साधने तातडीने गोळा होणे इष्ट आहे. पहिले, आर. सी. बुकातील इंजिन व इंधन बदलल्याच्या नोंदी. दुसरे, पंचायत समित्यांच्या दप्तरांतील वाहनांच्या निर्लेखनाचे व लिलावाचे कागद. तिसरे, लेथवर व गॅरेजमध्ये काम केलेल्या वृद्ध कारागिरांच्या मुलाखती. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ पासून अमलात येत असल्याने गाड्यांची संख्या झपाट्याने घटणार, आणि कारागिरांची पिढी तर त्याआधीच मावळत आहे. कोणत्या पंथाची आवड श्रेष्ठ, याचा निकाल इतिहासाने देण्याचे कारण नाही. मात्र गाडी पुन्हा 'मूळ रूपात' आणण्यापूर्वी तिच्या अंगावरील प्रत्येक जोड कोणत्या वर्षी व कोणत्या गरजेने आला, याची नोंद झाली पाहिजे. जोड एकदा घासून काढला की ती नोंद अन्य कोठेही सापडत नाही.