हॅम्पस्टेडचे माळरान

नववीच्या वर्गात इंग्लंडचा इतिहास शिकवताना मी हॅम्पस्टेड हीथची हकीकत सांगतो. लंडनच्या उत्तरेचे हे उंचसखल माळरान. त्याचा जमीनदार सर थॉमस मेरियन विल्सन. घरबांधणीसाठी दीर्घ मुदतीचे पट्टे देण्याची मुभा वडिलांच्या मृत्युपत्राने त्याला ठेवली नव्हती. ती मिळावी म्हणून १८२९ पासून त्याने पार्लमेंटात पुनःपुन्हा विधेयके नेली. ती पार पडली नाहीत.

विरोध कोणाचा? भोवतालच्या टुमदार घरांत राहणाऱ्या धनिकांचा. शेजारच्या केनवुडचे धनी लॉर्ड मॅन्सफिल्ड त्यांत होते. पेढीवाले जॉन गर्नी होर पुढारी होते. रानाची शोभा या मंडळींच्या दारातच होती, आणि शोभेबरोबर घरांची किंमतही.

१८६५ साली कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी तिच्या पाठबळाने होर यांनी फिर्याद लावली. निकालापूर्वीच, १८६९ साली, सर थॉमस वारला. १८७१ साली त्याच्या भावाने ४५,००० पौंड घेऊन आपले हक्क मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सला दिले आणि रान सर्वांचे झाले. सोसायटीचे वकील रॉबर्ट हंटर हेच पुढे १८९५ साली नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांत होते.

हे सांगून झाल्यावर यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्यांनी हे गरिबांसाठी केलं का?"

मी क्षणभर घुटमळलो. स्वतःसाठी केले, हे खरे. पण १८६० सालीच तिथे आगगाडीचे स्टेशन झाले होते आणि १८७१ सालीच बँक हॉलिडेचा कायदा आला. सुट्टीच्या दिवशी कोंदट गल्ल्यांतली माणसे थव्याथव्यांनी त्या रानात येऊ लागली. हेतू लहान होता, फळ मोठे निघाले.

एवढे उत्तर मी दिले. जे दिले नाही ते इथे लिहितो. गेल्या वर्षी आमच्या गावच्या टेकडीला सुरुंग लागू लागले, तेव्हा तक्रारअर्जावर पहिली सही माझी होती. माझ्या ओटीवरून ती टेकडी दिसते. खडी फोडणाऱ्या मजुरांची झोपडी टेकडीच्या पायथ्याशीच आहे. धूळ आमच्या आधी त्यांच्या छातीत जाते आणि भाकरीही तिथूनच येते. त्यांना विचारायला आमच्यापैकी कोणी गेले नाही.

टेकडी वाचावी असे मला आजही वाटते. पण पुढचा अर्ज लिहिण्यापूर्वी पायथ्यापर्यंत चालत जायचे, एवढे त्या मुलाने मला शिकवले.